हेडन्स रोड रेल्वे स्थानक व प्लाऊ लेन मैदान

हेडन्स रोड हे इंग्लंडची राजधानी लंडनच्या नैर्ऋत्य भागातील, मर्टन या नगरविभागातील एक लहान उपनगरी रेल्वे स्थानक आहे. विंबल्डन आणि टूटिंग या दोन स्थानकांच्या मध्ये असलेले हे स्थानक थेम्सलिंक सेवेच्या सटन वळण मार्गावर येते. स्थानकापासून चालत जाण्याच्या अंतरावर प्लाऊ लेन हे फुटबॉल मैदान आहे. एएफसी विंबल्डन या प्रेक्षकांच्या मालकीच्या क्लबचे हे घरचे मैदान होय. याच रस्त्यावर इ.स. १९१२ ते १९९१ या काळात मूळ विंबल्डन क्लबचे जुने मैदान होते. ते गेल्यानंतर सुमारे तीन दशकांनी, नोव्हेंबर २०२० मध्ये, विंबल्डनचे फुटबॉल पुन्हा या रस्त्यावर आले. एका वस्तीने आपले मैदान गमावणे आणि ते पुन्हा उभे करणे याचे उदाहरण म्हणून या परिसराचा उल्लेख इंग्लिश फुटबॉलच्या इतिहासात वारंवार होतो.

स्थान व परिसर

विंबल्डन हे नाव जगभर टेनिस स्पर्धेमुळे ओळखले जाते. ती स्पर्धा भरवणारा ऑल इंग्लंड क्लब उपनगराच्या वायव्य बाजूस आहे. हेडन्स रोड स्थानकाचा परिसर मात्र पूर्वेकडचा, वँडल नदीच्या खोऱ्यातील सखल भाग आहे. वँडल ही थेम्सची उपनदी असून तिच्या पाण्यावर पूर्वी अनेक गिरण्या चालत. नदीकाठची जमीन दलदलीची असल्यामुळे येथे घरांची वस्ती तुलनेने उशिरा झाली. कारखाने, गोदामे आणि खेळाची मैदाने यांना मात्र येथे जागा मिळाली.

स्थानकाला ज्या रस्त्याचे नाव आहे तो हेडन्स रोड उत्तरेकडे जाताना प्लाऊ लेनला मिळतो आणि पुढे डर्न्सफर्ड रोड या नावाने ओळखला जातो. जुने मैदान याच नाक्यावर होते. नवे मैदान प्लाऊ लेनवरच थोडे पूर्वेला, जुन्या जागेपासून सुमारे २५० यार्ड अंतरावर आहे.

रेल्वे स्थानकाचा इतिहास

हे स्थानक १ ऑक्टोबर १८६८ रोजी सुरू झाले. स्ट्रेटम ते विंबल्डन हा लोहमार्ग बांधण्यासाठी टूटिंग, मर्टन अँड विंबल्डन रेल्वे ही स्वतंत्र कंपनी स्थापन झाली होती. मार्ग पूर्ण होण्यापूर्वीच तो लंडन, ब्रायटन अँड साउथ कोस्ट रेल्वे आणि लंडन अँड साउथ वेस्टर्न रेल्वे या दोन मोठ्या कंपन्यांनी संयुक्तपणे ताब्यात घेतला. एरवी एकमेकींच्या स्पर्धक असलेल्या या कंपन्यांनी या भागात खर्च आणि उत्पन्न वाटून घेण्याचा मार्ग स्वीकारला.

आरंभी स्थानकाचे नाव ‘हेडन्स लेन’ असे होते. वस्ती वाढून गल्लीचा रस्ता झाला, तेव्हा १८८९ मध्ये स्थानकाचे नावही बदलून ‘हेडन्स रोड’ करण्यात आले. योगायोगाने त्याच वर्षी विंबल्डनमधील एका शाळेच्या माजी विद्यार्थ्यांनी तो फुटबॉल क्लब स्थापन केला, ज्याचे मैदान पुढे या स्थानकाजवळ होणार होते.

पहिल्या महायुद्धात मनुष्यबळ व साधने यांची काटकसर करण्यासाठी ब्रिटनमधील अनेक कमी वापराची स्थानके बंद ठेवण्यात आली. १ जानेवारी १९१७ रोजी हेडन्स रोड येथील सेवाही थांबली. विजेवर चालणाऱ्या ट्रामगाड्यांनी या भागातील प्रवासी आधीच ओढून घेतले होते. त्यामुळे युद्ध संपले तरी स्थानक लगेच उघडले नाही. १९२३ मध्ये ब्रिटनमधील रेल्वे कंपन्यांचे चार मोठ्या गटांत एकत्रीकरण झाले आणि हा मार्ग साउदर्न रेल्वेकडे आला. त्याच वर्षी २७ ऑगस्ट रोजी स्थानक पुन्हा सुरू झाले.

साउदर्न रेल्वेने लंडनच्या दक्षिणेकडील उपनगरी मार्गांचे विद्युतीकरण मोठ्या प्रमाणावर हाती घेतले होते. १९२९ मध्ये या मार्गावरही तिसऱ्या रुळातून वीज पुरवली जाऊ लागली. पुढच्याच वर्षी, ५ जानेवारी १९३० रोजी, विंबल्डनपासून सटनपर्यंतचा नवा लोहमार्ग पूर्ण झाला. त्यामुळे स्ट्रेटम, विंबल्डन, सटन आणि पुन्हा स्ट्रेटम असे एक पूर्ण वळण तयार झाले आणि हेडन्स रोड त्यावरचे एक स्थानक बनले.

सेवा

हेडन्स रोड येथे दोन रुळमार्ग आणि त्यांच्या दोन बाजूंना एकेक फलाट आहे. लंडनच्या भाडेपद्धतीत हे स्थानक तिसऱ्या क्षेत्रात मोडते. येथील नेहमीच्या गाड्या थेम्सलिंकच्या असतात. एका दिशेने त्या विंबल्डनमार्गे सटनकडे जातात, तर दुसऱ्या दिशेने टूटिंग, स्ट्रेटम व ब्लॅकफ्रायर्समार्गे शहराच्या मध्यभागातून उत्तरेकडे सेंट ऑल्बन्सपर्यंत जातात. साधारणपणे प्रत्येक दिशेने तासाला दोन गाड्या असतात.

शहराच्या दक्षिणेकडील स्थानकावरून गाडी न बदलता उत्तरेकडे जाता येणे ही या मार्गाची विशेष सोय आहे. थेम्स नदीच्या उत्तरेस असलेला स्नो हिल बोगदा बराच काळ वापरात नव्हता. तो १९८८ मध्ये पुन्हा खुला झाल्यावर थेम्सलिंक सेवा सुरू झाली आणि दक्षिण व उत्तर लंडनचे उपनगरी मार्ग परस्परांशी जोडले गेले.

ही सोय पुढे धोक्यात आली होती. शहराच्या मध्यभागातील मार्गावरून तासाभरात मर्यादित गाड्याच जाऊ शकतात. अन्य मार्गांवर बारा डब्यांच्या गाड्या चालवण्याची योजना होती, तर वळण मार्गावरील स्थानकांचे फलाट आठ डब्यांपुरतेच लांब आहेत. त्यामुळे वळण मार्गावरच्या गाड्या ब्लॅकफ्रायर्स येथेच थांबवाव्यात आणि वाचलेली जागा लांब गाड्यांना द्यावी, अशी शिफारस रेल्वे नियोजनात करण्यात आली. स्थानिक प्रवासी आणि लोकप्रतिनिधींनी तिला विरोध केला. अखेर जानेवारी २०१३ मध्ये सरकारने या गाड्या पूर्वीप्रमाणे शहरातून पुढे जातील असे जाहीर केले. सध्या येथे ‘वर्ग ७००’ प्रकारच्या आठ डब्यांच्या विजेच्या गाड्या धावतात.

जुने प्लाऊ लेन (१९१२–१९९१)

१८८९ मध्ये स्थापन झालेल्या क्लबचे मूळ नाव विंबल्डन ओल्ड सेंट्रल्स असे होते. खेळाडू विंबल्डन कॉमन या मोकळ्या माळरानावर खेळत. १९०५ मध्ये क्लबने ‘विंबल्डन’ हे सुटसुटीत नाव घेतले आणि १९१२ मध्ये प्लाऊ लेनवरील पडीक, पाणथळ जमिनीवर आपले मैदान तयार केले. सप्टेंबर १९१२ मध्ये कार्शाल्टन ॲथलेटिकविरुद्ध झालेला पहिला सामना २–२ असा बरोबरीत सुटला.

पुढची पाच दशके हा हौशी खेळाडूंचा क्लब होता. मैदानावरील सर्वाधिक उपस्थितीची नोंद याच काळातील आहे. मार्च १९३५ मध्ये हौशी संघांच्या चषक स्पर्धेत नौदलाच्या एचएमएस व्हिक्टरी संघाविरुद्धचा सामना पाहण्यासाठी १८,०८० प्रेक्षक आले होते. १९६३ मध्ये विंबल्डनने वेम्बली येथे सटन युनायटेडचा ४–२ असा पराभव करून हा हौशी चषक जिंकला. विंबल्डनचे चारही गोल एडी रेनॉल्ड्स यांनी केले आणि ते सर्व डोक्याने मारलेले होते. पुढच्या वर्षी क्लबने व्यावसायिक स्वरूप स्वीकारले.

१९७५ मध्ये, राष्ट्रीय लीगबाहेर असताना, विंबल्डनने एफए चषकात पहिल्या विभागातील बर्नली संघाला त्याच्याच मैदानावर हरवले. पुढच्या फेरीत लीड्स युनायटेडविरुद्ध गोलरक्षक डिकी गाय यांनी पेनल्टी अडवली आणि सामना बरोबरीत राहिला. १९७७ मध्ये क्लबला लीगमध्ये प्रवेश मिळाला. त्यानंतर केवळ नऊ वर्षांत, १९८६ मध्ये, तो सर्वोच्च विभागात पोहोचला. १४ मे १९८८ रोजी एफए चषकाच्या अंतिम सामन्यात विंबल्डनने लॉरी सांचेझ यांच्या गोलमुळे लिव्हरपूलला १–० असे नमवले. त्या सामन्यात कर्णधार व गोलरक्षक डेव्ह बेझंट यांनी जॉन ऑल्ड्रिज यांची पेनल्टी अडवली. वेम्बलीवरील एफए चषकाच्या अंतिम सामन्यात पेनल्टी अडवली जाण्याची ही पहिलीच वेळ होती.

क्लब इतक्या वर गेला, तरी मैदान मात्र लीगबाहेरच्या संघाला शोभेल असेच राहिले. लहान छपरे, उभ्याने सामना पाहण्याच्या पायऱ्या आणि चारही बाजूंनी रस्ते व घरे, असे त्याचे रूप होते.

मैदान कसे गेले

प्लाऊ लेन सोडण्यामागे दोन कारणे एकत्र आली. एप्रिल १९८९ मध्ये शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर चेंगराचेंगरी होऊन लिव्हरपूलच्या समर्थकांचे प्राण गेले. या दुर्घटनेत मृतांची संख्या पुढे ९७ झाली. चौकशीनंतर जानेवारी १९९० मध्ये आलेल्या टेलर अहवालाने वरिष्ठ विभागांतील मैदानांवर सर्व प्रेक्षकांना आसन असले पाहिजे अशी शिफारस केली. जुन्या मैदानात असा बदल करणे परवडणारे नाही, अशी भूमिका क्लबच्या व्यवस्थापनाने घेतली. १९९१ च्या उन्हाळ्यात संघ क्रिस्टल पॅलेस क्लबच्या सेल्हर्स्ट पार्क या मैदानावर भाडेकरू म्हणून गेला. ही व्यवस्था तात्पुरती आहे असे तेव्हा सांगण्यात आले होते.

दुसरे कारण जमिनीच्या कागदपत्रांतील होते. १९५९ मध्ये नगरपालिकेने मैदानाची मालकी क्लबच्या तत्कालीन प्रमुखांना विकली, तेव्हा करारात एक अट घातली होती. जमिनीचा उपयोग खेळाखेरीज अन्य कामासाठी होऊ लागल्यास ती ठरावीक अल्प किमतीत परत विकत घेण्याचा हक्क पालिकेकडे राहील, अशी ती अट होती. ही अट असेपर्यंत जमिनीला बांधकामासाठी मोल नव्हते. १९९० च्या सुमारास क्लबच्या मालकांनी पालिकेला मोबदला देऊन ही अट काढून घेतली. त्यानंतर मैदान हे विकता येण्याजोगे भूखंड झाले आणि १९९८ मध्ये ते सेफवे या किराणा दुकानांच्या कंपनीला विकले गेले. स्थानिक विरोधामुळे तेथे दुकान झाले नाही. २००२ मध्ये मैदान पाडण्यात आले आणि तेथे ‘रेनॉल्ड्स गेट’ नावाचे गृहसंकुल उभे राहिले. १९६३ च्या विजयाचे नायक एडी रेनॉल्ड्स यांचे नाव त्याला देण्यात आले असून संकुलातील इमारतींनाही क्लबच्या जुन्या खेळाडूंची व प्रशिक्षकांची नावे आहेत.

मिल्टन कीन्सचा निर्णय

सेल्हर्स्ट पार्कवरील मुक्काम लांबत गेला. १४ मे २००० रोजी, एफए चषक जिंकल्याच्या बरोबर बाराव्या वर्धापनदिनी, संघ प्रीमियर लीगमधून खाली घसरला. २००१ मध्ये मालकांनी क्लब लंडनच्या वायव्येस सुमारे ८० किलोमीटरवर असलेल्या मिल्टन कीन्स या नियोजित शहरात नेण्याचा प्रस्ताव मांडला. इंग्लंडमध्ये क्लब हा गावाचा किंवा वस्तीचा मानला जातो. व्यवसायाप्रमाणे तो दुसऱ्या शहरात हलवण्याची प्रथा तेथे नाही. त्यामुळे विंबल्डनबरोबरच इतर क्लबांच्या समर्थकांनीही प्रस्तावाला विरोध केला. लीगच्या मंडळाने आरंभी नकार दिला होता. मात्र इंग्लिश फुटबॉल संघटनेने नेमलेल्या त्रिसदस्य आयोगाने २८ मे २००२ रोजी दोन विरुद्ध एक अशा मताने स्थलांतराला परवानगी दिली. सप्टेंबर २००३ पासून संघ मिल्टन कीन्स येथे खेळू लागला आणि २००४ मध्ये त्याचे नाव मिल्टन कीन्स डॉन्स असे झाले.

एएफसी विंबल्डन

आयोगाच्या निर्णयानंतर दोनच दिवसांत समर्थकांनी नवा क्लब स्थापन करण्याचा निश्चय केला. खेळाडू निवडण्यासाठी २९ जून २००२ रोजी विंबल्डन कॉमनवर खुली चाचणी झाली. ज्या माळावर १८८९ चा क्लब खेळू लागला, तेथूनच नव्या क्लबची सुरुवात झाली. घरचे मैदान म्हणून शेजारच्या किंग्स्टन भागातील किंग्जमेडो घेण्यात आले.

इंग्लंडमध्ये फुटबॉलचे विभाग शिडीसारखे एकाखाली एक असतात आणि प्रत्येक हंगामात संघ वर चढतात किंवा खाली उतरतात. नव्या क्लबला नवव्या पातळीवर, कम्बाइन्ड काउंटीज लीगमध्ये, जागा मिळाली. तरीही पहिल्याच हंगामात त्याच्या घरच्या सामन्यांची सरासरी उपस्थिती तीन हजारांच्या घरात होती. त्या वेळी दुसऱ्या पातळीवर खेळत असलेल्या मूळ क्लबपेक्षाही ती अधिक होती. फेब्रुवारी २००३ ते डिसेंबर २००४ या काळात संघ लीगमधील सलग ७८ सामन्यांत अपराजित राहिला. मे २०११ मध्ये ल्यूटन टाउनविरुद्धचा सामना पेनल्टींवर जिंकून क्लब राष्ट्रीय लीगमध्ये दाखल झाला. स्थापनेपासून नऊ हंगामांतील ही पाचवी बढती होती. २०१६ मध्ये त्याने तिसरी पातळी गाठली.

क्लबच्या पूर्वेतिहासाचा प्रश्नही याच काळात सुटला. समर्थक संघटनांच्या मध्यस्थीने झालेल्या समझोत्यानुसार मिल्टन कीन्सच्या क्लबने २००४ पूर्वीच्या वारशावरील दावा सोडला. १९८८ च्या एफए चषकाची प्रतिकृती आणि अन्य मानचिन्हे २००७ मध्ये मर्टन नगरविभागाकडे सुपूर्द झाली.

मालकीची रचना

एएफसी विंबल्डनचे नियंत्रण ‘डॉन्स ट्रस्ट’ या सभासद संस्थेकडे आहे. ठरावीक वार्षिक वर्गणी भरून कोणीही तिचे सभासद होऊ शकतो आणि प्रत्येक सभासदाला एकच मत असते. क्लबमध्ये पैसे गुंतवणारे इतर भागधारकही आहेत, परंतु मतदानाचे बहुमत ट्रस्टने आपल्याकडे राखले आहे. मैदान विकणे किंवा क्लब अन्यत्र हलवणे असे निर्णय एका मालकाच्या मर्जीवर राहू नयेत, हा या रचनेमागील मुख्य हेतू आहे. १९९० च्या दशकातील अनुभव त्याच्या मुळाशी आहे.

प्लाऊ लेनवर पुनरागमन

जुन्या जागेवर घरे झाल्याने परत येण्यासाठी वेगळा भूखंड लागणार होता. प्लाऊ लेनवरच १९२८ पासून विंबल्डन स्टेडियम हे क्रीडांगण होते. तेथे ग्रेहाउंड कुत्र्यांच्या शर्यती, स्पीडवे म्हणजे मातीच्या धावपट्टीवरील मोटारसायकल शर्यती आणि जुन्या मोटारींच्या शर्यती होत. ग्रेहाउंड शर्यती पाहणाऱ्यांची संख्या घटत गेल्यावर या जागेच्या पुनर्विकासाचा प्रस्ताव पुढे आला. फुटबॉल मैदान आणि त्याला लागून सुमारे ६०० घरे, अशी एएफसी विंबल्डन व विकासक यांची संयुक्त योजना होती.

मर्टन नगरविभागाने डिसेंबर २०१५ मध्ये तिला एकमताने मंजुरी दिली. वाहतूक आणि पुराचा धोका यांवरून शेजारच्या वाँड्सवर्थ नगरविभागाने आक्षेप घेतले आणि मार्च २०१६ मध्ये लंडनचे तत्कालीन महापौर बोरिस जॉन्सन यांनी प्रकरण स्वतःकडे घेतले. त्यांच्यानंतर महापौर झालेल्या सादिक खान यांनी त्याच वर्षी ते मर्टनकडे परत पाठवले. ग्रेहाउंडची शेवटची शर्यत २५ मार्च २०१७ रोजी झाली. फुटबॉलचे पुनरागमन होत असताना दुसऱ्या एका खेळाने व त्याच्या चाहत्यांनी जवळपास ९० वर्षांचे आपले ठिकाण गमावले, ही या घटनेची दुसरी बाजू होय.

किंग्जमेडो मैदान चेल्सी क्लबला विकून आलेली रक्कम बांधकामासाठी वापरण्यात आली, परंतु ती पुरेशी नव्हती. उरलेला निधी एका मोठ्या गुंतवणूकदाराकडून घ्यावा की समर्थकांकडून उभारावा, यावर सभासदांत चर्चा झाली. २०२० च्या आरंभी क्लबने ‘प्लाऊ लेन बाँड’ या कर्जरोख्यांद्वारे समर्थकांकडून ५० लाख पौंडांहून अधिक रक्कम जमवली.

नव्या मैदानावरील पहिला सामना ३ नोव्हेंबर २०२० रोजी डॉनकास्टर रोव्हर्सविरुद्ध झाला आणि २–२ असा बरोबरीत सुटला. जो पिगट यांनी येथील पहिला गोल केला. कोविड-१९ साथीच्या निर्बंधांमुळे तो सामना रिकाम्या आसनांपुढे खेळवावा लागला. ज्यांच्या पैशांतून मैदान उभे राहिले, त्यांना तो घरी बसून पाहावा लागला. पूर्ण क्षमतेने प्रेक्षकांना प्रवेश २०२१–२२ च्या हंगामात मिळाला.

मैदानाची क्षमता ९ हजारांहून थोडी अधिक आहे. भविष्यात ती २० हजारांपर्यंत वाढवता येईल अशी तरतूद आराखड्यात आहे. प्रायोजकत्वामुळे त्याचे अधिकृत नाव चेरी रेड रेकॉर्ड्स स्टेडियम असे आहे. २०२२ पासून लंडन ब्रॉन्कोज या रग्बी लीग संघाचे सामनेही येथे झाले आहेत. २०२२ मध्ये क्लब चौथ्या पातळीवर घसरला, परंतु मे २०२५ मध्ये वेम्बली येथे वॉल्सॉलला १–० असे हरवून तो पुन्हा तिसऱ्या पातळीवर आला.

सामाजिक कार्य

मार्च २०२० मध्ये कोविड साथ सुरू झाली, तेव्हा क्लबच्या समर्थकांनी ‘डॉन्स लोकल ॲक्शन ग्रुप’ हा स्वयंसेवी गट स्थापन केला. दुकानांबाहेर उभे राहून ग्राहकांकडून शिधा गोळा करणे आणि तो गरजू कुटुंबांना पोहोचवणे, हे त्याचे पहिले काम होते. शाळा बंद असताना मुलांना दुरुस्त केलेले संगणक देण्याचे कामही गटाने केले. साथ ओसरल्यानंतरही त्याचे काम चालू राहिले.

वँडल नदी आणि पूर

नदीकाठच्या सखल जागेमुळे पुराचा धोका येथे कायम आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये अतिवृष्टीने वँडलचे पाणी मैदानात शिरले आणि खेळपट्टीच्या एका भागात जमीन खचून मोठा खड्डा पडला. न्यूकॅसल युनायटेडविरुद्धचा लीग चषकाचा सामना त्यामुळे येथे होऊ शकला नाही आणि तो न्यूकॅसलच्या मैदानावर खेळवण्यात आला. दुरुस्तीसाठी समर्थकांनी वर्गणी जमवली. न्यूकॅसलसह इतर ठिकाणांहूनही मदत आली.

स्थानक आणि मैदान

मैदान दाट वस्तीत असून तेथे वाहनतळाची जागा मर्यादित आहे. त्यामुळे प्रेक्षकांनी रेल्वेने किंवा पायी यावे अशी अपेक्षा असते. सर्वांत जवळचे रेल्वे स्थानक हेडन्स रोड हे आहे. मात्र तासाला दोनच गाड्या आणि आठ डब्यांचे फलाट यांमुळे सर्व गर्दी त्याला पेलणे शक्य नाही. म्हणून प्रेक्षक पुढील स्थानकांचाही वापर करतात:

• विंबल्डन – मुख्य मार्गावरील रेल्वेगाड्या, डिस्ट्रिक्ट मार्गाची मेट्रो आणि ट्राम
• विंबल्डन पार्क – डिस्ट्रिक्ट मार्गाची मेट्रो
• अर्ल्सफील्ड – वॉटर्लूकडे जाणाऱ्या उपनगरी गाड्या
• टूटिंग ब्रॉडवे – नॉर्दर्न मार्गाची मेट्रो

स्थानकाचे आणि मैदानाचे इतिहास काही बाबतीत समांतर आहेत. दोन्ही ठिकाणे काही काळ बंद पडली, दोन्हींचे भवितव्य दूरच्या कार्यालयांतील निर्णयांवर अवलंबून राहिले आणि दोन्ही प्रसंगी स्थानिक लोकांच्या आग्रहाचा परिणाम झाला. फरक इतकाच की, सहा वर्षे बंद राहिलेले स्थानक मूळ जागीच पुन्हा उघडता आले. मैदानाची जमीन मात्र एकदा विकली गेल्यावर परत मिळाली नाही. परतीसाठी नवा क्लब, नवा भूखंड आणि एकोणतीस वर्षे लागली.